पीटीएसडीसाठी न्यूरोफीडबॅक: सव्वा लाख भरण्याआधी

प्रश्न असा आला आहे: "माझा मोठा भाऊ, वय ३८. पिंपळगाव बसवंतहून टोमॅटोचे क्रेट भरून आयशर चालवायचा. दोन वर्षांपूर्वी राहुड घाटात अपघात झाला, गाडीने पेट घेतला. दादाला लोकांनी ओढून काढलं. क्लीनर केबिनमध्ये अडकला होता, तो गेला. तेव्हापासून दादा स्टेअरिंगला हात लावत नाही. रात्री ओरडत उठतो. डिझेलचा किंवा जळक्या रबराचा वास आला की घामाने भिजतो. होळीच्या दिवशी मागच्या खोलीत दार लावून बसतो. झोपेच्या गोळ्या दीड वर्ष चालू आहेत. नाशिकच्या एका सेंटरवर डोक्याला टोपी लावून 'ब्रेन मॅपिंग' केलं, लाल-पिवळे डाग असलेला कागद दिला आणि न्यूरोफीडबॅकची ४० सेशन सांगितली. खर्च १ लाख २० हजार. परदेशात एमआरआयमध्ये मेंदू बघत पीटीएसडी बरा करतात, असा व्हिडिओही पाहिला. हे तेच आहे का? द्राक्षाचे पैसे आलेत, भरून टाकू का?"

आत्ता भरू नका. द्राक्षाचे पैसे वर्षातून एकदाच येतात आणि दादांवर व्हायला हवेत ते उपचार अजून सुरूच झालेले नाहीत, म्हणून हे आधी सांगते. न्यूरोफीडबॅक, म्हणजे स्वतःच्या मेंदूचं काम पडद्यावर बघत ते बदलायला शिकणं, हे थोतांड आहे असं माझं म्हणणं नाही. मी हा विषय बरीच वर्षं जवळून पाहते आहे आणि त्यात काहीतरी खरं हाती लागेल अशी मला आशा आहे. पण तुम्हाला विकलं जातंय ते आणि व्हिडिओत दिसलं ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तुम्ही लिहिलंय त्यावरून दादांना पीटीएसडी (पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर), म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मनाचा आजार, असण्याची शक्यता मोठी आहे. प्रसंग पुन्हा पुन्हा अंगावर येणं, त्याची आठवण करून देणारं सगळं टाळणं, मन बधिर किंवा अपराधी होणं आणि शरीर सतत सावध राहणं, अशी याची चार अंगं, आणि ती महिन्याहून जास्त टिकतात. पक्कं निदान समोर बसवून, तासभर बोलूनच होतं. या आजाराला १९८० साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीत हे नाव मिळालं, त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा मोठा वाटा होता. त्यामुळे हा फौजींचा आजार अशी समजूत झाली. देवळालीच्या लष्करी छावणीमुळे आपल्याकडे फौजी पेशंट येतात हे खरंच. पण माझ्या ओपीडीत त्यांच्याहून जास्त येतात ती महामार्गावरच्या अपघातांतून वाचलेली माणसं, आणि अत्याचार सोसलेल्या बायका. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरी झाली तेव्हा मी नुकती प्रॅक्टिस सुरू केली होती. त्या गर्दीतून जिवंत निघालेल्या एक बाई पुढे कित्येक वर्षं रविवार कारंजाला भाजीसुद्धा घ्यायला गेल्या नाहीत. कमकुवत मनाच्या त्या नव्हत्या, तुमचे दादाही नाहीत.

मेंदूत नेमकं काय होतं ते निफाड तालुक्यातल्या माणसाला सांगणं सोपं आहे. उसात एकदा बिबट्या समोरासमोर पाहिलेला माणूस पुढे कित्येक महिने पाचट वाजलं तरी थबकतो. बिबट्या आहे की कुत्रं, हे कळायच्या आत छातीत धस्स होतं. ही पहिली हाक देणारी जागा म्हणजे अमिग्डला, मेंदूच्या दोन्ही बाजूंना खोलवर असलेला बदामाएवढा पुंजका. कपाळामागचा भाग थोडा उशिरा पोचतो, नीट बघतो आणि सांगतो, "कुत्रं आहे, चल पुढे." पीटीएसडीत पुष्कळदा पहिली हाक फार मोठी होते आणि समजावणारा आवाज क्षीण पडतो. होळीचा धूर नाकात गेला की दादांचं शरीर पुन्हा राहुड घाटात असतं, अंगणात नसतं.

पण सगळ्यांचं असंच होत नाही, आणि त्या रंगीत कागदाच्या दृष्टीने हे महत्त्वाचं आहे. काही पेशंट प्रसंग आठवला की पेटत नाहीत, उलट विझतात. नजर शून्यात जाते, हातपाय आपले वाटत नाहीत, आवाज लांबून आल्यासारखा होतो. त्यांच्यात कपाळामागचा भाग भावना जास्तच दाबून धरतो, असं मेंदूच्या अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे एकाच आजाराची दोन माणसं, आणि मेंदूत जवळजवळ उलटी चित्रं. एखाद्या कागदावर लाल डाग दिसला म्हणून पीटीएसडी आहे किंवा नाही, असं आज जगात कोणीही ठामपणे सांगू शकत नाही. तुमच्या सेंटरने टोपीतून घेतला तो ईईजी, म्हणजे डोक्याच्या कातडीवरून टिपलेल्या, मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख. संगणक त्या लहरींची सरासरी माणसाशी तुलना करून रंग भरतो. रात्रभर न झोपणं, चहा, दीड वर्षाच्या झोपेच्या गोळ्या, जबडा आवळून बसणं, या सगळ्यांनी ते रंग बदलतात. गोळ्या कोणत्या चालू आहेत हे तिथे कोणी विचारलं होतं का, एवढं दादांना विचारून बघा.

आता व्हिडिओतल्या एमआरआयबद्दल. फंक्शनल एमआरआय मेंदूतली वीज बघत नाही, रक्त बघतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे प्राणवायू असलेलं रक्त जास्त धावतं आणि चुंबकाला तो फरक कळतो. हे तत्त्व सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञाने १९९० मध्ये मांडलं. पुढे संगणक इतके वेगवान झाले की माणूस मशीनमध्ये झोपलेला असतानाच त्याच्या मेंदूच्या एका भागाचा हिशेब काढून त्याला पडद्यावर दाखवता यायला लागला. बघत बघत तो भाग स्वतः वरखाली करायला शिकणं, हेच न्यूरोफीडबॅक. यात मेंदू बदलण्यासाठी बाहेरून काहीच सोडलं जात नाही, मशीन फक्त मोजतं. शिकतो तो पेशंटच.

एका संशोधनाच्या निमित्ताने मी स्वतः त्यात झोपले आहे. डोक्याभोवती पिंजऱ्यासारखी कॉइल, डोळ्यांसमोर तिरका आरसा, आरशात पडदा, पडद्यावर तापमापकासारखी उभी पट्टी. कानात बोळे घालूनही ठोकाठोकी छातीपर्यंत येते. मला सांगितलं होतं, पट्टी खाली आणा. कशी, ते सांगितलं नव्हतं. श्वास मोजला, पट्टी हलली नाही. सोमेश्वरच्या धबधब्यापाशी बसलेय अशी कल्पना केली, तर पट्टी वर गेली. मग लक्षात आलं की रक्ताला तिथे पोचायला वेळ लागतो. आत्ता मी जे करतेय ते पाच-सहा सेकंदांनी दिसणार. म्हणजे आरशात दिसणारी मी मघाचीच असते. तिसऱ्या फेरीत, लढणं सोडून नुसतं बघत राहिले तेव्हा पट्टी हळूहळू उतरली. आपल्या आतलं काहीतरी आपल्या हातात आलं, असं त्या अर्ध्या मिनिटात वाटलं. दोन वर्षं स्वतःच्याच शरीराला घाबरून जगणाऱ्या माणसासाठी हे केवढं मोठं असेल, याची कल्पना मला तेव्हा आली. म्हणून या विषयाकडे पाठ फिरवायला मी तयार नाही.

पुरावा काय सांगतो? कॅनडात रूथ लेनियस यांच्या गटाने २०१७ मध्ये १० पेशंटना त्यांच्या आघाताशी जोडलेले शब्द दाखवत अमिग्डला खाली आणायला शिकवलं. त्यांना ते जमलं, आणि पट्टी काढून घेतल्यावरही जमलं. शिकता येतं, एवढं यातून कळलं. त्याने आजार बरा होतो का, हा पुढचा प्रश्न. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये २५ पेशंटवर चिठ्ठी टाकून प्रयोग केला. एका गटाला स्वतःच्या मेंदूची खरी पट्टी, दुसऱ्याला भलत्याच माणसाची, आणि कोणाला काय मिळतंय हे पेशंटला माहीत नाही. खऱ्या पट्टीवाल्यांचा अमिग्डलावरचा ताबा जास्त सुधारला. त्रास कमी होण्यात मात्र दोन गटांत ठाम फरक दिसला नाही. मी हे वाचून खट्टू झाले, पण प्रामाणिक संशोधन असंच असतं. मशीन, पांढरे कोट, आपल्याकडे कोणी इतकं लक्ष देतंय ही भावना, यांनीही माणसाला बरं वाटतं. ते बरं वाटणं खोटं नसतं, पण त्यासाठी सव्वा लाख लागत नाहीत.

टोपीच्या ईईजीवरही काम झालं आहे आणि ते बाजूला सारणं अन्यायाचं होईल. बेसेल व्हॅन डर कोल्क या मनोविकारतज्ज्ञांच्या गटाने २०१६ मध्ये जुन्या, चिवट पीटीएसडीच्या पेशंटना १२ आठवड्यांत २४ सेशन दिली. शेवटी तपासलेल्या २२ जणांपैकी ६ जणांनाच पीटीएसडी उरला होता, आणि नुसती वाट पाहणाऱ्या गटात २२ पैकी १५ जणांना. आकडे मोहात पाडणारे आहेत. पण तुलना झाली ती काहीच न मिळालेल्या माणसांशी, खोट्या सेशनशी नव्हे, आणि सिद्ध झालेल्या उपचाराशी तर नव्हेच. आणखी एक वाट म्हणजे एमआरआय आणि ईईजी एकत्र घेऊन, अमिग्डलाची चाहूल टोपीतूनच ओळखायची. इस्रायलमधल्या संशोधनातून निघालेलं 'प्रिझम' नावाचं असं उपकरण अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी खात्याने, मार्च २०२३ मध्ये विकायला मोकळं केलं. पडद्यावर दवाखान्यातली गजबजलेली प्रतीक्षा खोली दिसते, आणि पेशंटच्या मेंदूतली ती खूण खाली आली की चित्रातली माणसं शांत होऊन बसतात. तेसुद्धा नेहमीच्या उपचाराला जोड म्हणून, त्याऐवजी नाही. आणि त्याच्या मुख्य चाचणीत तुलनेला दुसरा गट नव्हता. अमेरिकेच्या माजी सैनिक आणि संरक्षण खात्याची २०२३ ची मार्गदर्शक सूचना न्यूरोफीडबॅकबद्दल "द्या" म्हणत नाही आणि "देऊ नका"ही म्हणत नाही, पुरावा अपुरा आहे असं नोंदवते. जगात सर्वाधिक पीटीएसडी पेशंट बघणाऱ्यांपैकी ते आहेत. माझंही मत तिथेच आहे.

नाशिकमध्ये एमआरआय मशीन पुष्कळ आहेत, पण मणक्याचा, गुडघ्याचा एमआरआय होतो त्या सेंटरवर हे काम होत नाही. त्याला त्याच क्षणी हिशेब करणारी यंत्रणा आणि ती चालवणारी माणसं लागतात, आणि आज ती मुख्यतः संशोधनसंस्थांत असतात. तुमच्याकडे कोणी "एमआरआय न्यूरोफीडबॅक" म्हणून काही विकत असेल तर प्रश्न विचारा. प्रयोग म्हणून होत असेल, तर नियमाप्रमाणे पेशंटकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. एक इशारा फौजी घरांसाठीही लिहून ठेवते: अंगात छर्रा किंवा धातूचा तुकडा राहिला असेल, पेसमेकर असेल, तर एमआरआयच्या खोलीत पाऊल टाकण्याआधी सांगायलाच हवं. दादांच्या हाडात रॉड किंवा प्लेट घातली असेल तर तेही. आणि ज्याने जळत्या केबिनमध्ये अडकलेला माणूस पाहिला, त्याला अरुंद नळीत, ठोकाठोकीत तासभर झोपवणं ही लहान गोष्ट नाही.

आता ज्याचा पुरावा भक्कम आहे ते. आघातावरच नेमकं बोलणारी मानसोपचार पद्धत. तिचे दोन-तीन प्रकार आहेत: एडना फोआ यांची आठवणीला प्रदीर्घ सामोरं जाण्याची पद्धत, पॅट्रिशिया रेसिक यांची विचार तपासण्याची पद्धत, आणि डोळ्यांच्या हालचालींसोबत आठवण हाताळणारी ईएमडीआर. यातली कोणतीही, नीट शिकलेल्या माणसाकडून, साधारण ८ ते १५ भेटी. याचं गांभीर्य कळावं म्हणून एक पेशंट सांगते, ओळख पटणार नाही असे तपशील बदलून.

सिन्नरकडच्या एक शिक्षिका. एसटी उलटली, शेजारच्या सीटवरची कॉलेजची मुलगी गेली. पहिल्यांदा प्रसंग सांगायला सांगितला तेव्हा त्या चार मिनिटांत संपवून मोकळ्या झाल्या, आणि सुरुवात होती, "एक बाई खिडकीशी बसली होती." ती बाई म्हणजे त्या स्वतः. आम्ही तो प्रसंग डोळे मिटून, वर्तमानकाळात, पुन्हा पुन्हा सांगत गेलो. मोबाइलवर रेकॉर्ड करायचा आणि घरी रोज एकदा ऐकायचा. पहिला आठवडा वाईट गेला. त्यांच्या मिस्टरांनी मला फोन करून विचारलं, "मॅडम, जखम कशाला उकरताय?" विचारायलाच हवं होतं. मी म्हटलं, आत पू आहे, म्हणून. चौथ्या भेटीपासून "एक बाई"ची "मी" झाली. सहाव्या भेटीत मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "मी तिचा हात सोडला नव्हता. सीटचा दांडा मध्ये आला होता. मी ओढत होते." तीन वर्षं त्या मानून चालल्या होत्या की आपण हात सोडला. मी काही समजावलं नव्हतं, हे त्यांच्याच आठवणीत होतं. पण भीतीमुळे त्या तिथवर कधी पोचल्याच नव्हत्या.

त्याच्या जोडीला बाहेरचा अभ्यास. आधी सिन्नर स्टँडवर उभ्या एसटीत पाच मिनिटं बसायचं. मग एक स्टॉप. मग मोहदरी घाट ओलांडून नाशिकरोड, सोबत भाऊ. मग एकटीने. प्रत्येक पायरीवर भीती उतरेपर्यंत थांबायचं, पळायचं नाही. मेंदूत जे घडतं ते बहुधा न्यूरोफीडबॅकवाले घडवू पाहतात तेच आहे, पाचट वाजलं तर थांबून नीट बघायला शिकणं. फक्त इथे पट्टीच्या जागी खरी एसटी असते.

तुम्ही क्लीनरबद्दल एकच ओळ लिहिलीत. दादांच्या मनात त्याच्याबद्दल काय चाललंय, हे घरात कोणी विचारलंय का मला माहीत नाही. माझा अंदाज आहे की मुळाशी जितकी भीती आहे तितकीच "तो गेला आणि मी वाचलो" ही टोचणी आहे. "झालं गेलं विसर" म्हणणाऱ्यांना ही टोचणी दिसत नाही. उतारा टाकून झाला असेल, देवाला नवस बोलून झाला असेल, त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. घर हरवल्यासारखं झालं की माणूस सगळी दारं ठोठावतो.

गोळ्यांविषयी काळजीपूर्वक वाचा. झोपेच्या गोळ्या म्हणजे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या असतील, तर पीटीएसडीत त्या दीर्घकाळ देऊ नयेत असंच आजचं शास्त्र सांगतं. त्या आठवण पचू देत नाहीत आणि सवय लावतात. पण दीड वर्षांनी एका रात्रीत बंद करू नका. झटके येऊ शकतात. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करायच्या. पीटीएसडीवर सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन ही औषधं उपयोगी पडतात, परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. भयानक स्वप्नांसाठी प्राझोसिन काहींना चांगलं लागू पडतं, ते रक्तदाब बघून देतात. दारू सुरू झाली असेल तर लपवू नका, झोपेसाठी पिणारे पुष्कळ असतात आणि ती या गोळ्यांसोबत जिवावर बेतू शकते.

कुठे जायचं? सुरुवात नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागापासून करा, तिथे खर्चाचा प्रश्न येत नाही. खाजगीत गेलात तर मानसोपचारतज्ज्ञ आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, दोघं मिळून बघणारी जागा शोधा आणि थेट विचारा, "आघातावरची कोणती पद्धत तुम्ही शिकला आहात?" उत्तर गुळमुळीत आलं तर उठा. दादा कधी "मीच गेलो असतो तर बरं झालं असतं" असं बोलले, तर वाट बघू नका. १४४१६ ही टेली-मानसची सरकारी हेल्पलाइन रात्रीबेरात्रीही मराठीत बोलते, आणि जवळचं रुग्णालय आहेच.

हे उपचार नीट घेऊनही, म्हणजे भेटी पूर्ण करून आणि औषध पुरेशा मात्रेत पुरेसे आठवडे देऊनही दादा अडकलेलेच राहिले, तर आपण न्यूरोफीडबॅककडे पुन्हा बघू. तेव्हा मीच तुमच्यासोबत त्या सेंटरला विचारेन की सेशन देणारा कोण, शिक्षण काय, प्रगती कशावर मोजता, दहा सेशनमध्ये फरक नाही पडला तर थांबता का, आणि सगळे पैसे आगाऊ का हवेत. जोड म्हणून करून बघायला माझी हरकत नसेल.

माझ्याकडे येणार असाल तर पहिल्या भेटीला गोळ्यांची सगळी पाकिटं आणा, रिकामीसुद्धा. अपघातानंतरचे दवाखान्याचे कागद आणा. तो रंगीत कागदही आणा, तो बघून दादा स्वतःच्या डोक्याबद्दल घाबरले असतील तर आधी ते काढू. येताना घाटाचा रस्ता नको, आणि गाडी तुम्ही चालवा किंवा एसटीने या. दारापाशी दादांनाच विचारा, "मी आत येऊ का बाहेर बसू?" ते बाहेर म्हणाले तर बाहेर बसा, आत आलात तर गोष्ट त्यांना सांगू द्या. ते मध्ये थांबले तरी तुम्ही पूर्ण करू नका.